पट्टी सरकवल्यावर

दहावीचा निकाल. दुपारी एकला संकेतस्थळ उघडते, लगेच बसते, आणि गावातला झेरॉक्सवाला तासाभरासाठी सरपंचापेक्षा मोठा होतो. तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले. निवृत्त झालो तरी या दिवशी पाय तिकडे वळतातच. पेढ्यांचा पुडा घेऊन बापलेक आले की लोक दोन प्रश्न विचारतात. पोराला, "किती पडले?" बापाला, "कुठल्या साइडला घालणार?" जाणार नाही, घालणार. एका क्रियापदात सगळे आले.

*

'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल पुन्हा काढला. २०२३चा, चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलामुलींवरचा. २६ राज्यांतले २८ जिल्हे, ३४,७४५ जण. त्यात एक साधा प्रश्न आहे: पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी सांगा. वस्तूचे टोक शून्यावर असेल तर सुमारे ८५ टक्के जण बरोबर सांगतात. तीच वस्तू थोडी पुढे सरकवली की हा आकडा ३९ टक्क्यांवर येतो.

मला नवल वाटले नाही. अकरावी सायन्सच्या वर्गात मी हे फळ्यावर केलेले आहे. एक हुशार मुलगा उठून म्हणाला होता, "सर, पण शून्य तर इकडं आहे. तुम्ही चुकीचं ठेवलंय." वर्ग हसला नाही. बहुतेकांचे तेच मत होते.

*

त्याच अहवालातले आणखी काही आकडे वहीत उतरवून ठेवतो. ८६.८ टक्के मुले कुठे ना कुठे पटावर आहेत. पाचांत एकापेक्षाही कमी गळती, म्हणजे शाळा सोडून जाणे हे आता मुख्य दुखणे नाही. पण चौघांतल्या एकाला आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता येत नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे ४३ टक्क्यांच्या आसपास जणांना जमते. व्यवसाय प्रशिक्षण घेणारे ५.६ टक्के.

मुले शाळेत आहेत. शाळा मुलांत किती आहे, हा प्रश्न.

*

अकरावी-बारावीतली निम्म्याहून अधिक मुले कला शाखेत, असेही त्यात आहे. शहरात हे वाचून लोक म्हणतील, वा, साहित्य-इतिहासाची आवड वाढली. आमच्याकडे कला शाखेला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून ती तुकडी जवळ मिळते. आवड नंतर, अंतर आधी.

*

जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध या आयोगाने देशापुढे ठेवला. त्यातल्या 'दोन'बद्दल आयोगाची कल्पना वेगळी होती: १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या टप्प्यावरची निम्मी मुले पूर्णवेळ किंवा अर्धवेळ व्यवसाय शिक्षणात असावीत.

पुढचा हिशेब असा. १९८६ उजाडले तेव्हा नवे धोरण आले. त्याने म्हटले, १९९० पर्यंत १० टक्के, १९९५ पर्यंत २५ टक्के. १९९२च्या कृती कार्यक्रमाने तेच आकडे पाच पाच वर्षे पुढे नेले: १९९५ पर्यंत १०, २००० पर्यंत २५. मग २०२०चे धोरण: २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय.

किराणा दुकानातली पाटी आठवते. आज रोख, उद्या उधार. ती पाटी रोज खरी असते, कारण उद्या कधी येत नाही.

*

वरच्या टिपणाला पुरवणी. ५० हा आकडा १९६६ लाही होता आणि २०२० लाही. पण आधी तो शिक्षणाचा होता, आता परिचयाचा आहे. आकडा जागेवर राहिला, शब्द सरकला.

*

नाईकांचे 'द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर' हे पुस्तक १९८२ साली, त्यांच्या निधनानंतर आले. आपणच लिहिलेल्या अहवालाचे पुढे काय झाले, याचा हिशेब त्यांनी त्यात मांडला. अहवाल लिहिणारे पुष्कळ. पंधरा वर्षांनी परत जाऊन आपल्याच शिफारशींची झडती घेणारे थोडे.

*

महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ची. अकरावी-बारावी कुठे ठेवायची? काही ठिकाणी ती शाळेला जोडली, काही ठिकाणी महाविद्यालयाला, आणि दोन्हीकडे नाव दिले 'कनिष्ठ महाविद्यालय'. मला वाटते, गोम त्या नावातच आहे. ज्याच्या नावात कनिष्ठ आहे, तिथे थांबायला कोण तयार होईल? तो कायमचा जिना झाला. जिन्यावर कोणी घर मांडत नाही.

*

द्विलक्षी अभ्यासक्रम. मूळ हेतू असा की सायन्सच्या मुलाने दोनशे गुणांचा एखादा व्यवसाय विषय घ्यावा, पुढे शिकलाच नाही तर हाताला काही असावे. प्रत्यक्षात काय झाले ते आम्ही सगळ्यांनी पाहिले. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स घेतले की दुसरी भाषा सुटते, जीवशास्त्राच्या आकृत्या सुटतात, आणि गुण चांगले पडतात. म्हणून त्या तुकडीची कट-ऑफ सगळ्यात वर. ज्यांना पुढे शिकता येणार नाही त्यांच्यासाठी काढलेले दार, आणि त्यातून आत गेली ती इंजिनिअरिंगला निघालेली पोरे. मीही पालकांना तोच सल्ला देत होतो. खोटे कशाला बोला.

*

१८८२. हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांचे निवेदन. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे. शिक्षक असे असावेत की नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटणार नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी परिषद बोलावली, तिथे पुन्हा हातकामाभोवती शिक्षण. मग कोठारी आयोगाचा कार्यानुभव.

कार्यानुभवाच्या तासाला आमच्या शाळेत आम्ही काय करत होतो? पुठ्ठ्याचे पाकीट. दरवर्षी तेच पाकीट. परीक्षकांसमोर ठेवायचे पाकीट कपाटात जपलेले होते, असेही एका वर्षी कळले.

*

सगळेच पाकिटावर थांबले नाही, हेही लिहिले पाहिजे. पाबळ, तालुका शिरूर. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून तिथे गेले आणि १९८३ साली विज्ञान आश्रम उभा राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. मुलांनी केलेली वस्तू गावाला लागणारी असावी आणि गावाने तिचे पैसे मोजावेत, हा त्यातला खरा कस. पुठ्ठ्याच्या पाकिटाला कोणी पैसे मोजत नाही.

*

आज गेट दुरुस्त करायला फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. माझाच विद्यार्थी, अकरावीत गणितातच राहिलेला. गजाचे माप घेत होता. टेपच्या टोकाचा हूक वाकला होता, म्हणून त्याने दहाच्या खुणेपासून माप धरले आणि तोंडातल्या तोंडात दहा वजा केले. मी विचारले, "हे कुठं शिकलास?"

"यात काय शिकायचं, सर? टेपचं तोंड नेहमी झिजलेलंच असतं."

मला तो अहवालातला प्रश्न आठवला. या पोराला मी नापास केले होते.

(लगेच भारावून जाऊ नये म्हणून पुढचेही लिहितो. त्याचा मुलगा आठवीत आहे. "त्याला सायन्सलाच घालणार," म्हणाला. "हे काम त्याला नको.")

*

जर्मनीचा आकडा प्रत्येक व्याख्यानात येतो. २०२०च्या धोरणातही आहे: १९ ते २४ वयाच्या कामगारांत औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले भारतात ५ टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. सांगायचे राहते ते असे की जर्मनीतला शिकाऊ मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात असतो, एक-दोन दिवस शाळेत, आणि त्याला पगार मिळतो. तिथे मालक अर्धा मास्तर असतो. आपण मास्तरालाच अर्धा मालक व्हायला सांगतो. शिकाऊ उमेदवारीचा कायदा आपल्याकडेही १९६१ पासून आहे. पण आमच्या भागात तो आयटीआयच्या दारापर्यंतच पोचलेला पाहिला, आमच्या बारावीच्या वर्गात त्याचे नावही निघत नसे.

*

कल चाचणी. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची घेतली. चाचणीतल्या क्षेत्रांत 'गणवेशधारी सेवा' असेही एक होते. शेजारच्या वाडीतल्या मुलीचा कल नेमका तोच निघाला. घरी आनंद झाला, मला कागद दाखवायला आणला. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण पास गाडी आणत नाही. तालुक्याला जाणारी गाडी सकाळी एक, येणारी संध्याकाळी एक. भरतीच्या सरावाचे मैदान तालुक्याला, सराव पहाटे. तिने गावातच कला शाखा घेतली.

कल म्हणजे ओढा, आणि कल म्हणजे उतारही. चाचणीने पहिला मोजला. मुलगी गेली दुसऱ्याने.

*

करिअर मार्गदर्शन मेळावा. मंगल कार्यालयात, लग्नाचेच लाल गालिचे. वक्त्याने एकशे वीस वाटा सांगितल्या. शेवटी एका आईने विचारले, "यातलं कायतरी करणारं आपल्या भागात कोण आहे का? भेटता येईल असं?" सूत्रसंचालकाने वेळ संपल्याचे सांगितले. दिवसभरातला एकच संशोधनाचा प्रश्न तो.

*

अमेरिकेतला एक जुना अभ्यास. १९९३ साली 'एमडीआरसी' या संशोधन संस्थेने नऊ हायस्कुलांतल्या 'करिअर अकॅडमी' तपासायला घेतल्या. शाळेच्या पोटात छोटी शाळा, एखाद्या व्यवसायाभोवती बांधलेले विषय, जवळच्या उद्योगांशी संबंध. जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून सोडत काढली. लागलेल्यांचा आणि न लागलेल्यांचा दोघांचाही माग ठेवला. शाळा संपण्याच्या काळापासून पुढे आठ वर्षे.

शाळा पूर्ण करण्यात फरक नाही. पुढच्या पदव्यांत फरक नाही. पण लागलेल्यांची कमाई वर्षाला सरासरी ११ टक्के जास्त, आणि हा लाभ मुख्यतः मुलग्यांच्या पदरात. म्हणजे निकालाच्या दिवशीच मोजले असते तर 'योजना निष्फळ' असा शेरा मारून फाइल बंद झाली असती. आठ वर्षे थांबले म्हणून दिसले. आणि मुलींना का नाही, हा प्रश्नही तेव्हाच दिसला.

*

आमच्या गेटवरचा फलक: बारावी निकाल, शाखानिहाय टक्केवारी. तीस वर्षांत मी हजेरीपट भरले, प्रात्यक्षिकांचे गुण भरले, गोषवारे भरले. मुलगा गेटबाहेर पडल्यावर भरायचा एकही रकाना कोणी कधी दिला नाही. सुरुवातीला प्रत्येकाला शून्यावर उभे आहे असे धरायचे, आणि शेवटी निकालाच्या दिवशी पट्टी उचलून घ्यायची. वाडीवरून दोन मैल चालत आलेला आणि डॉक्टरचा मुलगा, दोघांची वस्तू एकाच खुणेपासून मोजली. मग मला त्या हुशार मुलावर हसायचा काय अधिकार? "शून्य इकडं आहे" हे मीच शिकवले.

*

म्हणून एक उद्योग सुरू केला आहे. जुन्या हजेरीपटावरून एका तुकडीची यादी काढली आणि फोन लावतो आहे. संशोधन वगैरे म्हणवत नाही. वही आहे, एवढेच. एकच प्रश्न: वर्गातले काय उपयोगी पडले?

विमा कंपनीत असलेला म्हणाला, "सबमिशनची तारीख, सर. बाकी काही आठवत नाही." परिचारिका झालेली म्हणाली, "गुणोत्तर. सलाइनमधून औषध किती सोडायचं ते काढताना रोज लागतं. तेव्हा तुम्ही सांगितलं असतं की ते कशाला लागतं, तर भीती कमी वाटली असती." मी उत्तर दिले नाही. लिहून घेतले.

*

मुलगे पटापट सापडतात. एकाला गाठले की त्याच्याकडे चौघांचे नंबर असतात. मुली सापडत नाहीत. आडनाव बदललेले, कधी नावही, फोन नवऱ्याचा. माहेरी विचारले तर आधी "कशाला?" विचारतात. यादीत ज्यांच्यापुढे रकाना कोरा आहे, ती जवळजवळ सगळी नावे मुलींची.

उद्या फोन नाही. सकाळच्या एसटीने वाडीवर जाऊन यायचे. परतीची गाडी संध्याकाळी आहे, तेव्हा दिवस मोकळाच.