अठरा मीटरची तार

वाचकहो, तुमच्या घरी विस्मरणाचा आजार जडलेले कुणी असेल, तर दुपारी तीन ते सहा हा काळ किती लांब असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या पत्नीच्या आजाराला आता चार वर्षे होत आली. सकाळ स्नान, न्याहारी, औषधे यांत सरते. दुपारी मात्र ती उठते, दाराची कडी चाचपते आणि म्हणते, “मला घरी जायचंय.” अंबाजोगाईच्या याच घरात आमची अडतीस वर्षे गेली आहेत. सुरुवातीला मी तिला हे पटवून देत असे. आता देत नाही. पटवण्याने तिचा जीव अधिकच घाबरा होतो, हे फार उशिरा माझ्या ध्यानी आले.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका दुपारी, तिचे मन वळावे म्हणून, मी माळ्यावरची पेटी खाली काढली. महाविद्यालयात एनसीसीच्या हवाई विभागात असताना केलेले साठ सेंटिमीटर पंखांचे लाकडी विमान तीत होते. या विमानात रेडिओ वगैरे काही नसते. डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा बाहेर येतात आणि चालकाच्या मुठीतल्या दांडीला जोडलेल्या असतात. मनगट वर वळवले की विमानातली बेलक्रँक नावाची तिकोनी पट्टी फिरते, शेपटीचा पडदा उचलला जातो आणि विमान वर चढते. ते चालकाभोवती गोल फिरत राहते. 1940च्या सुमारास अमेरिकेत जिम वॉकर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. आमच्या विमानाचा घाट एचटी-2चा होता. विष्णू माधव घाटगे या मराठी अभियंत्याने आराखडा केलेले हे शिकाऊ विमान 1951 मध्ये प्रथम उडाले. मूळ विमानाचे पंख पावणेअकरा मीटर, आमचे त्याच्या अठराव्या हिश्शाचे.

पत्नीने ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाली, “फार लहान आहे.”

मग दुप्पट करायचे ठरले. मी चित्रकला आणि हस्तव्यवसायाचा शिक्षक. चौकटी आखून आकृती मोठी करणे हा तर माझ्या पोटापाण्याचाच भाग होता. पण कागदावर जे सोपे, ते लाकडात नसते. लांबी दुप्पट केली की पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते. प्रत्येक पट्टीची जाडीही दुप्पट केली, तर वजन मात्र आठपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक वीतभर भागावर दुप्पट भार. जुने विमान तीनशे ग्रॅमचे होते. डोळे झाकून मोठे केले असते, तर नवे दोन किलो चारशेचे झाले असते. म्हणून दोन मिलिमीटरच्या फासळ्या चारच्या न करता तीनच्याच ठेवल्या आणि त्यांना मधोमध भोके पाडली. आमच्या सुताराला हे मुळीच रुचले नाही. “गुरुजी, सागवान घ्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल,” हा त्याचा आग्रह. बाल्साचे फळकूट त्याच्या तळहातावर ठेवले, तेव्हा तो हसू लागला. सागाच्या साधारण चौथाई वजनाचे ते लाकूड. इंजिन ज्या दोन पट्ट्यांवर बसते त्या मात्र कठीण लाकडाच्याच लागतात. त्या त्याने सागाच्या करून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. सगळे मिळून वजन साडेबाराशे ग्रॅम भरले.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. या इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल असते. मिथेनॉल घोटभरही पोटात गेले तर जिवावर बेतते, आणि विस्मरणाच्या रुग्णाला बाटली आणि पाण्याचा तांब्या यांतला भेद उरत नाही. इंधन, ब्लेड, गोंद हे सारे मी कुलपात ठेवत असे आणि किल्ली जानव्याला. डोपचा, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लाखेसारख्या द्रवाचा, हात फिरवायचा तो ती झोपलेली असताना, मागच्या अंगणात.

पंखांवर रेशमी कापड चढवायचे होते. ओले कापड सांगाड्यावर ताणून बसवण्यात माझी तीन दिवस फजिती चालली होती. चौथ्या दिवशी ती खुर्ची ओढून जवळ बसली. “धागा तिरका येतोय,” ती म्हणाली. तिने कापड उचलले, कड हलकेच ओढून उभा धागा पाहिला, तो पंखाच्या लांबीला धरून सरळ केला आणि दोन्ही हातांनी मधून कडेकडे सारत नेला. तीस वर्षे तिने गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले होते. मुलीचे नाव त्या सकाळी तिला आठवले नव्हते. पण धाग्याची दिशा हात विसरले नव्हते. त्या आठवड्यात कडी चार दिवस वाजली नाही. पाचव्या दिवशी पुन्हा वाजली.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. हे विमान ताशी सत्तर किलोमीटर वेगाने, अठरा मीटर तारेवर फिरते. पावणेसहा सेकंदांत एक फेरी. पाच मिनिटांच्या उड्डाणात चालकाला पन्नासाहून अधिक गिरक्या घ्याव्या लागतात आणि हाताला सतत पावणेतीन किलोची ओढ बसते. वय वर्षे बहात्तर, रक्तदाबाची गोळी चालू; तरी उडवणार मीच, असा माझा हट्ट. सरावासाठी पाण्याचा डबा दोरीला बांधून अंगणात फिरू लागलो. चौथ्या गिरकीला तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर आपटलो. मनगट मुरगळले, भोवळ थांबेना. पत्नी पायरीवर उभी होती. ती आधी हसली, मग रडू लागली. हाक कुणाला मारायची, हे तिला सुचत नव्हते. मी दहा मिनिटे तसाच पडून होतो. तेवढ्या वेळात एकच हिशेब डोक्यात फिरत होता: माझे खुब्याचे हाड मोडले असते, तर आज रात्री हिला जेवू कोण घालणार? शुश्रूषा करणाऱ्याचे शरीर हे दोघांचे असते. ते मी एका खेळण्यासाठी पणाला लावले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वयाबरोबर मंदावते, त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठता-वळताना भोवळ येऊ शकते, एवढे त्यांनी समजावले. गोळी आपल्या मनाने सोडू नका, असेही बजावले. तसा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, हे त्यांनी कसे ओळखले कोण जाणे.

दांडी नातीकडे गेली. ती लातूरला अकरावीत शिकते. दिवाळीच्या सुटीत तिने जुन्या लहान विमानावर हात बसवला आणि संक्रांतीला आम्ही सारे गावी गेलो. त्या दिवसांत बालाघाटावरच्या आमच्या गावाची निम्मी घरे कुलूपबंद असतात. माणसे ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेली. कापणी झालेले मोकळे रान मिळाले. विजेच्या तारा कुठवर आहेत हे मी स्वतः चालून पाहिले, कारण पोलादी तार तिथे भिडली तर चालक वाचत नाही. विमानाच्या दहापट वजनाची ओढ देऊन दोन्ही तारा तपासल्या. वर्तुळाच्या बाहेर, बरेच दूर, बाभळीखाली पत्नीची खुर्ची मांडली. तिच्याजवळ मुलगी बसली.

विमान मी धरले होते. इंजिन कर्कश ओरडले, मधून नातीने मान हलवली, मी सोडले. पहिल्या अर्ध्या फेरीत ते डळमळले आणि माझा श्वास अडकला. मग तारा ताठ झाल्या आणि ते खांद्याच्या उंचीवर फिरत राहिले. मी फेऱ्या मोजत होतो. एकोणपन्नासाव्या फेरीला इंधन संपले, एकदम शांतता झाली, आणि ते घरंगळत ढेकळांवर उतरले.

विमान उचलून मी पत्नीसमोर नेले. तिने पंखावरून बोट फिरवले, टोकाशी थांबली.

“इथे सुरकुती राहिली,” ती म्हणाली. “उसवावं लागेल.”