हुबळीची गाडी

प्रिय सुधा,

बेळगावाहून पुण्या-मुंबईला हल्ली लोक कसे जातात, असं विचारलंस. अगं, रात्री हायवेवर उभी राहिलीस की हुबळीकडून येणाऱ्या स्लीपर गाड्यांची रांगच दिसेल. त्यातल्या ‘व्हीआरएल’ची गोष्ट मला मनापासून आवडते.

तिचे संस्थापक विजय संकेश्वर मूळचे गदगचे. घरचा धंदा छपाईचा आणि पुस्तकांचा. 1976 मध्ये त्यांनी एक ट्रक घेतला, पुढे बस्तान हुबळीला हलवलं. प्रवासी गाड्या सुरू झाल्या त्या थेट 1996 मध्ये! मला वाटतं, सगळं मर्म या 20 वर्षांत आहे. मालवाहतुकीत मुरलेल्या माणसाला गाडी एक दिवस उभी राहिली की किती बुडतं, ते पाठ असतं. म्हणून दुरुस्ती दुसऱ्याच्या गॅरेजवर सोडायची नाही. हुबळीजवळ वरूरला त्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे, ट्रकच्या बॉडीही तिथेच बांधतात.

रात्रीच्या गाडीत एकदा जागी राहून बघ. ढाब्यावर गाडी थांबते, क्लीनर उतरतो आणि टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, एकेका चाकावर ठोकत गाडीभोवती फिरतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर हवा कमी. तोवर झोप काढलेला दुसरा ड्रायव्हर तोंडावर पाणी मारून स्टिअरिंगवर बसतो. आपण आत पांघरुणात असतो ते या दोघांच्या भरवशावर. बेंगळुरू-जोधपूर गाडी तर सुमारे दोन हजार किलोमीटर धावते; तिथे हे किती वेळा होत असेल!

2015 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. संकेश्वरांचा मुलगा आनंद एव्हाना कारभारात होताच. पुढे 2023 च्या सुरुवातीला बसचा धंदा त्या कंपनीतून काढून घरच्याच ‘विजयानंद ट्रॅव्हल्स’कडे दिला, 230 कोटींना. मालवाहतूक बाजारात, बस घरात. मला ते पटलं. माल उशिरा पोचला तर भरपाई देता येते. पहाटे तीनला कऱ्हाडपाशी अडकलेल्या माणसांसाठी मात्र फोन उचलणारा मालकच लागतो.

डिसेंबरात येशील तेव्हा मुंबईहून बसनंच ये. पुढचा, खालचा बर्थ घे. मागच्या चाकावरचा अजिबात नको, हाडं खिळखिळी होतात.

तुझी,
वसू