तीन अक्षरं मागे

मागच्या शनिवारी घर आवरायचा कंटाळा आला म्हणून लॅपटॉप आवरायला घेतला. (आम्ही आयटीवाले यालाही कामच म्हणतो.) त्यात स्काइपवरच्या जुन्या गप्पांची फाइल सापडली. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं, त्याच्या आधी घाईघाईत उतरवून ठेवली होती. उघडली कधीच नव्हती. उघडली... आणि दुपारचं जेवण संध्याकाळी झालं.

तर मंडळी, 'ग्रॅव्हिटी फॉल्स'. डिस्नेचं कार्टून, २०१२ ते २०१६, उणेपुरे ४० भाग. डिपर आणि मेबल ही जुळी भावंडं सुट्टीत ओरेगनमधल्या एका आडगावी स्टॅन नावाच्या चुलत आजोबांकडे येतात. तिथे डिपरला एक वही सापडते, चित्रविचित्र प्राण्यांच्या नोंदींनी भरलेली. वही लिहिली कुणी? बस्स, या एका प्रश्नावर आम्ही अडीच वर्षं काढली.

प्रत्येक भागाच्या शेवटी एक सांकेतिक ओळ यायची. सुरुवातीच्या संगीताच्या टोकाला कुणीतरी कुजबुजायचं, ते उलटं वाजवलं की ऐकू यायचं, 'तीन अक्षरं मागे'. म्हणजे सीझर सायफर! 'डी'च्या जागी 'ए' वाचायचा. सहा भागांनंतर ॲटबॅश, मग आकडे, आणि दुसऱ्या सीझनला थेट व्हिजेनेर, ज्याची किल्ली त्याच भागातल्या चित्रात कुठेतरी लपवलेली. पुढे इंजिनिअरिंगला सरांनी सीझर सायफर फळ्यावर काढला तेव्हा अख्ख्या वर्गात मी एकटाच हसत होतो.

आमचा सहा जणांचा कंपू, पाच देशांतला. त्यातल्या पोर्तुगालच्या मुलीचं ठाम मत, की लेखक म्हणजे स्टॅनचा जुळा भाऊ. मी म्हाताऱ्या मॅकगकेटच्या बाजूने. २०१३ मध्ये मॅकगकेट वही लिहितोय असा एक 'फुटलेला' फोटो फिरला. मी आठवडाभर तिला छळलं. तो फोटो कार्टूनचा कर्ता ॲलेक्स हर्शनेच मुद्दाम सोडला होता, आमच्यासारख्यांना चकवायला!

९ मार्च २०१५ ला उत्तर आलं. आपल्याकडे १० मार्चची पहाट. बारावीचे पेपर चालू, आईला वाटलं पोरगं अभ्यासाला उठलंय. शेवटच्या मिनिटाला यंत्रातून बाहेर आला तो स्टॅनचा जुळा भाऊ. तिने फक्त एक पूर्णविराम टाईप केला होता. अजून आहे फाइलीत.

२०१६ च्या फेब्रुवारीत मालिका संपली. जुलैत हर्शने खऱ्या जगात शोधमोहीम काढली. रशियापासून जपानपर्यंत खुणा, आणि ऑगस्टमध्ये ओरेगनच्या रीड्सपोर्टजवळच्या झाडीत बिल सायफरचा पुतळा. तेवढे दोन आठवडे आम्ही पुन्हा एकत्र जागलो. मग कुणाचं कॉलेज, कुणाची नोकरी... सोडवायलाच काही उरलं नव्हतं.

२०२४ मध्ये 'द बुक ऑफ बिल' आलं. एका रात्रीत वाचलं, आवडलंही. पण एकट्याने कोडी सोडवणं म्हणजे एकट्याने कॅरम खेळणं.

असो. फाइलीतला सगळ्यात शेवटचा मेसेज सप्टेंबर २०१७ चा. तिचाच, सीझर सायफरमध्ये. कागद-पेन न घेता वाचता आला: 'अजून कुणी आहे का?'

खाली कुणाचंच उत्तर नाही. माझंही नाही. तेव्हा मी कॅम्पस प्लेसमेंटच्या तयारीत होतो बहुतेक.

तिचं खरं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.