भोपाळची टेबलावरील गिरणी

मुंबईहून सायंकाळी सुटणाऱ्या पंजाब मेलमध्ये बसले, म्हणजे कसाऱ्याचा घाट अंधारातच चढून होतो, खानदेश झोपेत मागे पडतो, आणि जाग येते ती नर्मदेच्या पुलाच्या खडखडाटाने. गेल्या हिवाळ्यात आम्हीही असेच जागे झालो. पात्रावर धुके पसरले होते. पूल ओलांडून बुधनी मागे पडली की विंध्याचा चढ लागतो. दोन्ही बाजूंस रान, वळणावळणाचा मार्ग आणि गाडीची मंदावलेली चाल. चढ संपल्यावर थोड्याच वेळात भोपाळ आले.

मराठी माणसाला हे शहर अगदीच परके नाही. थोरल्या बाजीरावांनी १७३७ साली निजामाला येथेच कोंडीत पकडले होते. शहराचा मोठा तलाव राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो. परंतु आम्ही तलाव पाहण्यासाठी गेलो नव्हतो, की इतिहास धुंडाळण्यासाठीही नव्हे. आमच्या धर्मग्रामातील एका घरचे गृहस्थ पन्नास वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त भोपाळला जाऊन स्थायिक झाले. गावी आले की ते आम्हांस आग्रहाने सांगत, “फादर, तलाव सगळेच पाहतात. तुम्ही आमची गिरणी पाहायला या. आमच्या माजघरात आहे ती!”

माजघरातील गिरणी म्हणजे पिठाची गिरणी असणार, अशी आमची समजूत. ती किती चुकीची होती, हे तेथे गेल्यावर कळले.

हे गृहस्थ तरुणपणी वीजयंत्रे बनविणाऱ्या सरकारी कारखान्यात लागले. १९५६ साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या नावाने स्थापन झालेला हा कारखाना पुढे ‘भेल’ कंपनीत विलीन झाला. जलविद्युत केंद्रांची यंत्रे, रोहित्रे आणि रेल्वे-इंजिनांची चाके फिरविणाऱ्या मोटरी तेथे तयार होतात. आमच्या यजमानांचे सारे आयुष्य या मोटरींच्या तारा गुंडाळण्यात गेले. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. तेव्हा तेरा वर्षांच्या नातवाला हाताशी धरून त्यांनी घरातच आगगाडी मांडली, आणि त्या आगगाडीच्या कडेला कापडगिरणी.

गिरणीच का? याचे उत्तर शहराच्या घडणीत आहे. भोपाळला आगगाडी आली १८८४ साली, शाहजहान बेगम यांच्या कारकिर्दीत. त्या मार्गाला संस्थानाने पैसा पुरविला होता. आपल्या मुंबईत १८५३ साली ठाण्याची गाडी धावली आणि १८५६ साली कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी चालू झाली. रूळ आले की त्यांच्यामागून गिरण्या येतात, हा नियम भोपाळनेही पाळला. स्टेशनापासून फारशा दूर नसलेल्या चांदबड भागात, नबाब हमीदुल्ला खान यांच्या राजवटीत, न्यू भोपाळ टेक्स्टाइल ही गिरणी उभी राहिली. १९७४ च्या कायद्याने देशातील १०३ आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांत हीही होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या चालू गिरण्या थांबल्या. तेव्हा हिचीही चाके थांबली. यजमानांनी आम्हांस रिक्षातून त्या रस्त्याने नेले. रिक्षा न थांबविता ते एवढेच म्हणाले, “आता घरी चला. तिथे ती चालू आहे.”

आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशा टेबलावर ही सृष्टी मांडलेली होती. सारे काही मूळ वस्तूच्या ८७ पट लहान. हे प्रमाण जगभरच्या छंदी लोकांनी मान्य केलेले आहे. सव्वाएकवीस मीटरचा प्रवासी डबा या हिशेबाने साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो, आणि साडेपाच फूट उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरांहूनही कमी भरतो. यात एक गंमत आहे. आपल्या मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. ते ८७ पट लहान केले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हावे. परंतु बाजारात तयार मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरांच्या रेल्वेवरून बेतलेले आहेत. “एवढी लबाडी चालवून घ्यावी लागते,” यजमान म्हणाले.

दुसरी लबाडी जागेची. शंभर मीटर लांबीची शेड बांधायची म्हटली तर टेबलाचे सुमारे ११५ सेंटिमीटर एकटी तीच खाणार. म्हणून त्यांनी गिरणी आखूड केली. पुठ्ठ्याच्या भिंतींवर विटांच्या ओळी कोरल्या, आणि वर करवतीच्या दात्यांसारखे छप्पर चढविले. या छपराच्या काचा उत्तरेकडे का असतात, हे नातवाने आम्हांस समजावून सांगितले. आपल्या देशात उत्तरेकडून उजेड येतो, पण ऊन फारसे येत नाही. त्यामुळे साच्यावरच्या सुतावर दिवसभर सारखा प्रकाश पडतो, आणि तुटलेला धागा चटकन दिसतो.

गिरणीशेजारून मालगाडीचा फाटा काढला होता. हा फाटा मात्र आपल्या कल्पनेतला, हे त्यांनी आधीच कबूल केले. इंजिन वाघिणी ओढीत फाट्यात शिरले की त्याच्या पुढे भिंत आणि मागे वाघिणी; ते अडकून पडते. म्हणून शेजारी दुसरा रूळ हवा, आणि दोन्ही टोकांना सांधे हवेत, म्हणजे इंजिन सुटून वळसा घालून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. वीज रुळांतूनच येते, बारा व्होल्टची. एका रुळातून जाते आणि दुसऱ्यातून परतते. प्रवाहाची दिशा उलटवली की गाडीही उलटी चालू लागते. कापसाच्या गाठी म्हणून खडूचे तुकडे चिंधीत गुंडाळले होते. खरी गाठ सुमारे १७० किलोंची असते. तीही नातवाच्या चिमटीत सहज मावत होती. रुळांखालची खडी म्हणजे चाळून घेतलेली वाळू, पाणी घातलेल्या डिंकाने बसविलेली.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी असेच एक लघुरेल्वेचे संग्रहालय उभारले. ते १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. यजमानांनी पूर्वी ते पाहिले होते, आणि या उद्योगाचे बीज त्यांच्या मनात तेथेच पडले. “त्यांच्यासारखी सफाई माझ्या हातात नाही,” ते म्हणाले, “पण माझ्याकडे चाचा आहेत.”

हे चाचा म्हणजे शेजारचे वृद्ध गृहस्थ. त्यांनी उमेदीची वर्षे गिरणीच्या साळखात्यात काढली. रोज दिवेलागणीला ते येत, टेबलाशी खुर्ची ओढून बसत आणि चुका दाखवीत. कापसाचे गोदाम शेडला चिकटलेले पाहून त्यांनी ते हलविण्यास सांगितले, कारण कापसाला आग लागायला वेळ लागत नाही. फाटकाबाहेर चहाची टपरी हवी, असे ते म्हणाले, टपरी आली. पाण्याचा नळ हवा, तोही आला. अखेर एके संध्याकाळी सारे पूर्ण झाले. नातवाने दिवे लावले, भोंग्याचा आवाज वाजविला, आणि मालगाडी गाठी घेऊन आत शिरली. सर्वांनी चाचांकडे पाहिले. चाचा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “सब है. मगर फाटक पर आदमी कहाँ हैं?”

खरोखरच, पाळी सुटण्याच्या वेळी फाटक ओस पडले होते! इंजिनाच्या प्रत्येक चाकाची काळजी घेतली गेली; माणूस मात्र कोणाला आठवला नव्हता.

तेव्हा माणसे करायची ठरले. बाजारची रंगीत माणसे परदेशी कपड्यांतील, आणि महागही. काड्यापेटीच्या एका काडीची दोन माणसे होतात, असा शोध नातवाने लावला. किती करायची, हा प्रश्न आला. यजमान म्हणाले, “चाचांना नावाने आठवतील तेवढी.” त्या दिवसापासून नातू वही घेऊन बसू लागला. चाचा एकेक नाव सांगत. कोण उंच, कोण स्थूल, कोण सायकल घेऊनच फाटकात उभा राही, कोण डब्यात रोज कांदा-पोळीच आणी. आम्ही गेलो तेव्हा वहीत १४७ नावे होती, आणि त्यांतली शंभरांहून अधिक माणसे टेबलावर उभी होती.

परंतु टेबलावर वर्ष कोणते धरायचे, हा पेच आधीच सुटलेला होता. टेबलावरचे वर्ष होते १९८३. पुढच्या वर्षी, १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र उलटत असता, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. स्टेशनाभोवतीच्या वस्त्यांतील हजारो माणसे त्यात दगावली. वहीतील काही नावेही त्या रात्री मिटली. नातवाने भाबडेपणाने विचारले होते की, जे गेले त्यांना निराळा रंग द्यावा काय? चाचांनी मान हलविली. १९८३ मध्ये सारेच कामावर येत होते. सर्वांना एकच रंग.

एका नावापाशी मात्र चाचा स्वतःच अडखळले. त्यांचा धाकटा भाऊ गिरणीत बदली कामगार होता. कोणी रजेवर गेला तर त्याच्या जागी काम मिळे. न मिळाल्यास फाटकावरूनच परत फिरावे लागे. तोही त्याच रात्री गेला. चाचांचा प्रश्न असा, की जो कायम नव्हता त्याला गिरणीचा माणूस म्हणून उभे करता येईल काय? दोन संध्याकाळी ते हे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले. हे सांगताना यजमानांचा आवाज जड झाला. नातवाने उत्तर असे दिले, “चाचा, तो तर रोज फाटकावर यायचा. त्याचीच जागा तिथे सगळ्यांत पक्की.” आता तो फाटकाच्या अगदी जवळ उभा आहे, निळ्या सदऱ्यात.

आम्हांलाही एक काडी देण्यात आली. चहावाला आमच्या वाट्याला आला. आमच्या हाताला ब्रशाची सवय नाही. बिचारा एका पायाने अधू झाला. चाचांनी तो उचलून नीट पाहिला आणि सांगितले की खरा चहावालाही किंचित लंगडत असे. हे सत्य होते की आमच्यावरची मेहेरबानी, हे आम्ही विचारले नाही.

परतीच्या गाडीसाठी भोपाळ स्टेशनावर उभे असताना आमच्या मनात आणखी एक माणूस आला. त्या काळरात्री येथील उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावरची प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधीच पुढे काढून दिली, म्हणून ते प्रवासी वाचले. स्वतः मात्र ते मागेच राहिले. २००३ साली त्यांचे निधन झाले. रूळ, सांधे आणि सिग्नल त्या रात्रीही होतेच. परंतु गाडी सोडली ती माणसाने.

वाचकहो, आपल्या गावांतूनही कितीतरी जण पहाटेची गाडी धरून मुंबईच्या गिरण्यांत जात असत. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि ती माणसे ओट्यावर येऊन बसली. त्यांना आपण फारसे काही विचारले नाही. नाताळचा गोठा उभारताना आपली मुले डोंगर, झरे, विहीर, बैलगाडी किती हौसेने करतात! तेच हात एखाद्या सुट्टीत आजोबांची गिरणी किंवा आपले जुने स्टेशन सहज उभारू शकतील. पुठ्ठा, डिंक, वाळू आणि काड्यापेटी एवढ्यावर भागते. आगगाडी नसली तरी चालेल. मात्र काम सुरू करण्यापूर्वी एक वही घेऊन आजोबांजवळ बसावे आणि आधी नावे लिहून घ्यावीत. पुठ्ठा केव्हाही मिळेल. नावे सांगणारे मात्र आता थोडेच उरले आहेत.

गेल्या आठवड्यात यजमानांचा निरोप आला. वहीतील नावे आता १५२ झाली आहेत.