सातबारा नसलेल्यांचे काय?

आम्ही कारखान्यांच्या विरोधात आहोत, असा आरोप आमच्यावर नेहमी होतो. आरोप करणाऱ्यांनी बाबासाहेबांचा लहान शेतजमिनींवरचा १९१८ चा निबंध वाचावा. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगच हलका करतील, हे त्यांनी तेव्हाच मांडले होते.

आमचा प्रश्न वेगळा आहे. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक नगरीसाठी (कायद्याने ती 'सेझ' नव्हे, पण स्वप्न तेच) सुमारे दहा हजार एकर जमीन गेली. शेतकऱ्यांना एकरी २३ लाख मिळाले. मिळायलाच हवे होते. पण मोबदला सातबारा बघून देतात. दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या आमच्या आयाबायांची मजुरी जमिनीबरोबरच गेली, आणि तिची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उगाच उभारला नव्हता.

विकासाचे बोलणे निघाले की शेन्झेनचा दाखला हमखास येतो. तिथे सेझ आले १९८० मध्ये. जमीनदारांच्या जमिनी त्याच्या तीस वर्षे आधीच वाटल्या गेल्या होत्या. हे मात्र कोणी सांगत नाही.

म्हणे, कारखान्यात नोकऱ्या आहेत. आहेत ना! आमच्या वस्तीतली आयटीआय झालेली पोरे ठेकेदाराकडे लागतात. काही महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा नवा गेटपास. खासगी कंपनीत आरक्षणही नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने तीन वर्षे त्याच जमिनीवर पोट असलेल्या शेतमजुरालाही 'बाधित कुटुंब' म्हटले आहे. आम्ही तेवढीच यादी मागतो: बिडकीनच्या शिवारात कोण कोण राबत होते?