कोतवाल बुक

तहसीलच्या अभिलेख कक्षात ते लाल बस्त्यात बांधलेलं असतं. गाठ सुटली की आधी धूळ बाहेर येते, मग ते. अंगानं लांबोडकं, कडा कसरीनं खाल्लेल्या, शाई तांबूस झालेली, अक्षर कुठे मोडी तर कुठे बाळबोध. गावात कोण जन्मलं नि कोण मेलं, एवढाच त्याचा धंदा. नाव कोतवालाचं, लिहिता हात बहुधा दुसऱ्याचाच.

पणजोबांचे आईबाप शोधत मी त्याच्यापाशी पोचलो, ते जनगणनेच्या दारातून परत फिरल्यावर. वऱ्हाडात १८६७ साली, म्हणजे देशाच्याही आधी शिरगणती झाली. पण इंग्लंडातला माणूस शंभर वर्षं सरली की पणज्याच्या घराचा तक्ता उघडून बघतो, तसं इथे नाही. आपल्याकडे माणसं मोजली, बेरजा छापल्या. घरोघरचे कागद राहिले नाहीत.

"पोराचं नाव नसते बाप्पा त्याच्यात," कारकून म्हणाले. "बापाचं सांगा."

बापच तर शोधत होतो! जन्माच्या पानावर अमुक वल्द तमुक यास मुलगा, एवढंच. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली. आईला बहुतेक ठिकाणी जागाच नाही. मृत्यूच्या पानावर मात्र बुक उदार होतं. तिथे मेलेल्याचं स्वतःचं नाव, पुढे वल्द आणि बापाचं नाव, वय, कारण: ताप, हगवण, देवी. १९१८ च्या मानमोडीत ही पानं भराभर भरत गेलेली दिसतात. म्हणून आईबाप शोधायचे तर जन्माकडून नव्हे, मरणाकडून शिरावं. मला पणजोबांचे वडील तिथेच भेटले.

हल्ली या बुकाला भाव आला आहे. जात पडताळणीला अनुसूचित जातींना १९५० च्या, इतर मागासवर्गाला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्यामुळे ज्यांनी पणजोबांची कधी साधी चौकशी केली नाही, तेही कोर्ट फी स्टॅम्प लावून रांगेत उभे असतात. त्यात आज बुलडाण्यात असलेले खामगाव, जळगाव जामोद हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात. जुन्या कागदावर बुलडाणा शोधणारा तिथे चकतो.

शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रकटले. त्यांचे आईबाप कुणाला ठाऊक नाहीत, आणि त्यावाचून भक्तांचं काही अडलंही नाही. आमचे पणजोबा साधे कास्तकार. त्यांना ती सवलत नाही.

वडील मिळाले, आता त्यांच्या नावावर जन्म शोधायचा. आमच्या गावच्या बुकात तो नाही. असणार कसा? पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद झाली असेल तर पणजोबांच्या आजोळच्या बुकात, आणि आजोळ कळायला आई कळायला हवी. ज्या बाईला बुकानं रकाना दिला नाही, तिच्या माहेराचा पत्ता विचारल्याशिवाय ते पुढचं पान उघडत नाही.

मोठ्या आत्याला विचारलं. नव्वदी गाठलेली आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मोताळ्याकडची होती म्हनत. गाव नाई आठोत."

मोताळा तहसीलचा अर्ज भरला आहे. मुलाचं नाव या रकान्यात रेघ मारली, गावाचा रकाना कोरा ठेवला.