उंबरठ्यापासून चार बोटं

माप घ्यायला गेले की मी आधी दार उघडते आणि लावते. दोनदा, तीनदा. टेप अजून पिशवीतच असतो. घरच्यांना वाटतं, कडी तपासतेय. मला बघायचं असतं की दार आत उघडतं की बाहेर, मूठ किती पुढे येते, आणि दारापाशी पोचलेल्या माणसाचा कोणता हात मोकळा असतो. खिडकी जागेवर असते. दार हलतं, आणि त्यातून माणसं ये-जा करतात. पंचवीस वर्षं पडदे शिवले, ब्लाइंड बसवले. त्यातलं सगळ्यात उपयोगाचं मला हेच वाटतं. कापडाचा रंग नंतर ठरवता येतो.

माझं लहानपण अकोल्याचं. एप्रिल लागला की पश्चिमेच्या दाराला वाळ्याच्या ताट्या लागायच्या. दुपारी वडील तांब्याने त्यांवर पाणी मारायचे. बाहेरचा कोरडा, भाजणारा वारा त्या ओल्या मुळ्यांतून आत यायचा, पाणी वाळताना त्यातली उष्णता ओढून घ्यायचं, आणि ओटीवर वाळ्याचा गारवा पसरायचा. दारावर काही टांगायचं ते वाऱ्यासाठी, हे माझ्या अंगात तिथूनच भिनलं. पुढे दादरच्या एका घरातून तशाच पडद्याची मागणी आली आणि मी ते काम घेतलं नाही. मुंबईची हवा आधीच दमट, तिथे पाणी वाळायला जागाच नाही. गारवा मिळाला नसता, वर बुरशी धरली असती. त्यांना मी बांबूची चिक दिली. ऊन अडतं, वारा अडत नाही.

पुण्यात आले तेव्हा पेठेतल्या वाड्यांत दारोदारी काचेच्या नळ्यांचे पडदे असायचे. काही घरांत जुन्या लग्नपत्रिकांच्या सुरळ्या करून, त्या पिनांमध्ये ओवून बायकांनी घरीच केलेले. माणूस आत आला की आवाज व्हायचा आणि माजघरातली बाई पदर सावरायची. दाराच्या पडद्याने वर्दी द्यायची असते, हे त्या नळ्यांना पक्कं ठाऊक होतं. आजच्या कुठल्याही ब्लाइंडमध्ये मला तो गुण सापडलेला नाही.

काचेचं बिजागरीचं दार सगळ्यात फसवं. सुरुवातीच्या दिवसांत मी अशा एका दाराच्या फळीवर साधा रोलर लावला. दार उघडलं की खालची पट्टी झोका घेऊन काचेवर आपटायची. आठ दिवसांत बाईंचा फोन आला. दिवसभर टकटक ऐकून त्यांचं डोकं उठलं होतं. चूक माझी होती. तेव्हापासून हलत्या फळीवर काही लावायचं तर ते खाली अडकवायचंच. रोलर असेल तर तळाच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी आकडा, कापड असेल तर वर आणि खाली दोन नळ्या, आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं चुणीदार सुती. मूठ जवळ असेल तर ब्लाइंडची जाडी सुतात मोजायची. एका इंचाची आठ सुतं. दोन सुतांनी बोटं चिरडलेली मी पाहिली आहेत. चौकटीच्या आत बसवायचं असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी आणि सगळ्यात लहान आकडा धरावा. काटकोनातली चौकट नव्या इमारतीतही क्वचितच भेटते.

गॅलरीच्या सरकत्या दाराचा मात्र मला लळा आहे. कोथरूडच्या एका घरात पश्चिमेला सहा फुटी सरकतं दार होतं. आधीच्या कुणीतरी तिथे उभ्या पट्ट्यांचा ब्लाइंड लावलेला, आणि तळातल्या मणीसाखळ्या जागोजागी तुटलेल्या. काका म्हणाले, ‘माल हलका होता.’ मी काकूंना विचारलं, दिवसातून किती वेळा गॅलरीत जाता? त्या मोजायला लागल्या: कपडे वाळत घालायला, काढायला, तुळशीला पाणी, कबुतरं हाकलायला. दहा-बारा फेऱ्या. उजवी काच सरकायची आणि ब्लाइंड गोळा व्हायचा तोही उजवीकडेच, म्हणजे नेमका वाटेत. फूटभर जाडीचा गठ्ठा. कपड्यांची बादली घेऊन काकू रोज त्यातून घुसत होत्या. माल बरा होता, बाजू चुकली होती. मी तोच ब्लाइंड उतरवला, डावीकडच्या न हलणाऱ्या काचेवर गोळा होईल असा फिरवला आणि नव्या साखळ्या घातल्या.

उभ्या पट्ट्या मी पश्चिमेला आवर्जून सुचवते. मावळतीचं ऊन इतकं खालून येतं की वरचा सज्जा त्याला थोपवू शकत नाही. शिवाय सूर्य उन्हाळ्यात थोडा उत्तरेकडे मावळतो, थंडीत दक्षिणेकडे सरकतो. उभी पट्टी त्याच्यामागे वळवता येते; ऊन अडतं आणि दुसऱ्या बाजूचं आकाश शिल्लक राहतं.

जाळीदार सनस्क्रीन कापड विकताना मी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पावती करत नाही. दिवसा त्यातून बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. रात्री घरात दिवा लागला की नेमकं उलट होतं. समोरच्या इमारतीला तुमचं जेवणाचं ताटही दिसतं. बेडरूमच्या दाराला त्यामागे दुसरा, घट्ट विणीचा पडदा हवाच.

स्वयंपाकघराच्या दाराला आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मी लावत नाही. फोडणीचं तेल आणि धूळ मिळून जो चिकट थर बसतो तो प्रत्येक पट्टीवरून पुसायचा कुणी? तिथे आठवड्याला धुता येईल असा सुती पडदा.

आणि लहान मूल असलेल्या घरात लोंबती दोरी नको, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. साखळीचा फास मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. साखळी मी भिंतीला ताणून, घट्ट बसवून देते. दोरीच असेल तर तिचा आकडा माझ्या खांद्याच्या वर.

गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतून एक काम आलं. नव्वदीच्या आजी, अंथरुणाला खिळलेल्या. खोलीचं दार लावलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा, उघडं ठेवलं की हॉलमधून सगळं दिसायचं. सुनेला जमिनीपर्यंत जाड पडदा हवा होता. मी पलंगाशेजारी बसले, आजींच्या उशीच्या उंचीवर डोकं नेलं आणि दाराकडे पाहिलं. मग वरून खिडकीइतकी फट सोडून, बाजूंनी वारा खेळेल असा हलका पडदा लावला, आणि खाली उंबरठ्यापासून चार बोटं मोकळी ठेवली. सुनेला ते तोकडं वाटलं.

पंधरा दिवसांनी तिचाच फोन आला. म्हणाली, ‘ताई, आजी म्हणतायत अजून दोन बोटं वर घ्या. पावलांवरून कोण आलं ते त्यांना कळतं. पण धाकट्याच्या पायात पैंजण नाहीत, त्याचे घोटे दिसायला हवेत म्हणे.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुईदोरा घेऊन गेले.